देव मानत नाही, मग शिंकणाऱ्याला काय म्हणू?

वाळूजवाला_जिंतूर

नमस्कार मंडळी, प्रश्न बारका वाटेल पण मला लई दिवसांपासून सतावायलाय म्हणून सगळं नीट लिहायलोय, वाचून सांगा.

मी मूळचा जिंतूर तालुक्यातला, आता संभाजीनगरला वाळूज एमआयडीसीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. देव मानत नाही, कॉलेजात होतो तेव्हापासूनच नाही. त्यावरून कुणाशी वाद घालत नाही, आईला पूजेला फुलं आणून देतो, आषाढीच्या आधी गावातून दिंडी जाते तेव्हा चहापाण्याच्या कामाला मी पुढं असतो, पण मपल्या तोंडानं देवाचं नाव घ्यायचं म्हटलं की खोटं बोलल्यासारखं होतं, आणि ज्याच्यासाठी ते नाव खरं आहे त्याच्यासमोर ते पोकळ म्हणायचं म्हणजे त्या माणसाचाच अपमान असं मला वाटतं.

आता आमच्याकडं ग्राइंडिंगची धूळ, वर एसी, दिवसभर कुणी ना कुणी शिंकतंच. स्टोअरचे काका शिंकले की आपले आपणच "हरी विठ्ठल" म्हणतात आणि माझ्याकडं बघतात. लॅबमधला मित्र "अल्हम्दुलिल्लाह" म्हणतो. पुण्याहून बदलून आलेल्या एक मॅडम आहेत, त्या ज्याला त्याला "ब्लेस यू" म्हणतात, मलाही म्हणतात, मी "थँक यू मॅडम" म्हणतो. पण त्या शिंकल्या की मी गप्प, स्क्रीनकडं बघत बसतो. त्यांना वाटत असेल हा माणूस तुसडा आहे. तसा मी नाही हो, मलाही काहीतरी म्हणावं वाटतं, पण काय म्हणू तेच सुचंना.

दुसरं म्हणजे गावाकडं गेलं की निघताना कुणी शिंकलं तर चप्पल काढून परत आत बसायचं, पाणी प्यायचं, मग निघायचं. तिथं थांबावं का निघावं, आणि कुणाला न दुखवता ते कसं करावं?

---

लातूर_मोंढा

भाऊ, काहीच म्हणू नका. मी आडत दुकानावर असतो, हंगामात तुरीचा नि सोयाबीनचा भुसा सकाळपासून उडतो, हमालापासून व्यापाऱ्यापर्यंत सगळे शिंकायलेत, प्रत्येकाला काही म्हणत बसलं तर सौदे कधी व्हायचे? "ब्लेस यू" हे आपलं नाही, ते ऑफिसातून आणि इंग्रजी शाळेतून आलंय. जपानमधे शिंकलेल्याला काही म्हणायची रीत नाही आणि जपानी माणसाला जगात कुणी उद्धट म्हणत नाही. खोकल्याला आपण काही म्हणतो का? ढेकरीला म्हणतो का? मग शिंकेलाच काहून? शिंकणाऱ्यानं तोंडावर रुमाल धरावा, बाकीच्यांनी आपलं काम करावं.

---

अंबाजोगाईची_माहेरवाशीण

लातूरचे दादा, मोंढ्यातलं तुमचं बरोबर आहे, पण "आपल्यात नाही" हे काही पटलं नाही बघा. तान्हं लेकरू शिंकलं की घरातलं म्हातारं माणूस बोलल्याशिवाय राहतं का? आमची आज्जी "जीव गं माय, शंभर वर्षं जीव" म्हणायची, कुणाकडं "शतायुषी हो" म्हणतात. त्यात देवाचं नाव कुठंच नाही. म्हणजे रीत आहे, फक्त लेकरू मोठं झालं की आपण ती सोडून देतो.

आणि मोठं झाल्यावर काय होतं ते सांगते, कारण प्रश्न विचारणाऱ्या भाऊंनी जे "दुसरं म्हणजे" करून लिहिलंय तेच माझ्या मते पहिलं आहे. आपल्याकडं काम अडलं की "माशी शिंकली" म्हणतात. कुणी मुलाखतीला निघालं, सोयरीक बघायला निघालं, बियाणं आणायला निघालं, आणि घरात शिंक आली, की सगळ्यांचे डोळे शिंकणाऱ्याकडं वळतात. निघणाऱ्याला पाणी मिळतं आणि शिंकणाऱ्याला डोळे मिळतात. आता ती शिंकणारी कोण असते ते आठवून बघा, बहुतेक वेळा घरातली सून असते, कारण माणूस निघायच्या वेळेला डबा करायला गॅसपुढं मिरचीच्या फोडणीत तीच उभी असते. नाहीतर घरात एखादी विधवा काकू, आत्या असते, जिला आधीच शुभकार्याच्या वेळी मागं उभं करतात, तिला शिंक आली तर विचारूच नका. आमच्या नात्यात अशा एक काकू होत्या, कुणी बाहेर निघालं आणि नाकात हुळहुळलं की पदराचा बोळा तोंडाला लावून त्या परसात पळायच्या, मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं ह्यांना काही दुखतंय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की शिंकेला म्हणायचा शब्द शिंकणाऱ्याच्या बाजूचा पाहिजे. तो देवाचा असो नसो. मी घरात असं करते की निघताना कुणी शिंकलं की मी आधी तिच्याकडं वळते, "फोडणी लागली का गं? हे घे पाणी" म्हणते, पेला तिच्या हातात देते. आत्याबाई (सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो) "थांब रे दोन मिनिटं" म्हणल्या तर माझा नवरा थांबतो, त्यांच्या जिवाला बरं वाटतं, पण पाणी आधी शिंकलेलीला. सुरुवातीला आत्याबाईंनी नुसतं बघितलं. आता त्या स्वतःच नातसुनेला विचारतात, धूळ गेली का गं नाकात म्हणून.

---

सिस्टर_नांदेड

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. मी नर्स आहे, नांदेडला, तर दवाखान्याच्या बाजूनं थोडं सांगते कारण शिंकेबद्दल गैरसमज लई आहेत.

"शिंकताना काळीज थांबतं, म्हणून देवाचं नाव घ्यायचं" असं बरेच पेशंट सांगतात. काळीज थांबत नाही. छातीतला दाब बदलतो म्हणून ठोक्याच्या लयीत किंचित फरक पडू शकतो, तेवढंच. होतं असं की नाकाच्या आतल्या अस्तराला धूळ, परागकण, मिरची असं काही टोचलं की ट्रायजेमिनल नावाच्या नसेतून मेंदूच्या बुडाशी निरोप जातो, तिथून पुढचं सगळं आपोआप, छातीत हवा भरते, डोळे मिटतात, आणि नाकातोंडातून एकदम बाहेर. माणसाच्या इच्छेचा त्यात संबंधच नाही, म्हणून शिंकणाऱ्याकडं डोळे वटारणं किती चुकीचं आहे ते बघा.

काहींना उन्हात आलं की शिंक येते. घरातून बाहेर पाय टाकला, मराठवाड्याचं ऊन डोळ्यावर आलं की लगेच. हा प्रकार दर चार-पाच माणसांत एकाला तरी असतो आणि तो घराण्यातून येतो, आईला किंवा बापाला असला तर लेकरातही येण्याची शक्यता निम्मी. आता विचार करा, निघताना उंबऱ्याबाहेर आल्याबरोबर शिंकणारं माणूस अपशकुनी ठरायलंय, आणि कारण काय तर ऊन. पावसाळ्यानंतर गाजरगवत फुललं की त्याचं वेगळंच, शेताच्या बांधावर, रेल्वेपट्टीला, सगळीकडं, त्या दिवसांत ओपीडीला शिंकणाऱ्यांची रांग असते.

आणि ती काकूंची गोष्ट वाचून एक सांगायलाच पाहिजे, शिंक दाबून धरू नका. नाक चिमटीत आणि तोंड गच्च बंद करून शिंक आत कोंडली तर तो दाब कानाकडं, घशाकडं जातो. इंग्लंडात लेस्टरला एका ३४ वर्षांच्या माणसानं असं केलं आणि त्याचा घसा आतून फाटला, २०१८ मधे डॉक्टरांच्या मासिकात ती केस छापून आली होती. असं फार क्वचित होतं, पण लाजेखातर शिंक गिळायची वेळ घरातल्या बाईवर येऊच नये. रुमालात शिंका, रुमाल नसला तर कोपरात. मोठी शिंक असली तर त्यातले बारीक थेंब हवेच्या ढगाबरोबर सात-आठ मीटरपर्यंत जाऊ शकतात, त्यामुळं लातूरच्या दादांचं रुमालाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

भाऊ, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर म्हणजे मी वॉर्डात शिंकलेल्या पेशंटला "बरं वाटायलंय का?" विचारते. ते माळकरी आहेत, मुस्लिम आहेत, शीख आहेत का कुणालाच मानत नाहीत, कधी विचारावं लागलं नाही.

---

परभणीचा_इंजिनियर

सलाम सगळ्यांना. लॅबमधल्या मित्राचा विषय निघालाय तर आमच्या बाजूचं मी सांगतो, म्हणजे तुमच्या मनातलं ओझं उतरेल.

आमच्यात रीत अशी की शिंकणाऱ्यानं स्वतः "अल्हम्दुलिल्लाह" म्हणायचं, म्हणजे शुक्र अल्लाहचा. ऐकणाऱ्यानं "यरहमुकल्लाह" म्हणायचं, म्हणजे अल्लाह तुझ्यावर दया करो, आणि शिंकणाऱ्यानं परत त्याला दुवा द्यायची. आता ही जी उत्तर द्यायची जबाबदारी आहे ती ऐकणाऱ्या मुसलमानावर आहे, तुमच्यावर नाही. तुम्ही गप्प राहिलात म्हणून तुमचा मित्र नाराज व्हायचं कारणच नाही. आणि शिंकणाऱ्यानं "अल्हम्दुलिल्लाह" म्हटलंच नाही तर ऐकणाऱ्यावरही काही बंधन राहत नाही, हदीसमधे, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, तसं स्पष्ट आहे. शिंकताना तोंडावर हात किंवा कपडा धरायचा आणि आवाज हळू ठेवायचा हेही हदीसमधेच आहे, सिस्टर म्हणाल्या तेच.

मला लहानपणापासून आवडलेली गोष्ट पुढची आहे. माणूस शिंकतच राहिला, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, तर पुढं दर वेळी दुवा द्यायची गरज नाही, कारण त्याला जुकाम झालाय असं समजायचं. माझे दादा म्हणायचे, तीन शिंका झाल्या की दुवा बस, आता काढा द्या. आमच्या घरात आलं, तुळस, काळी मिरी घालून काढा व्हायचा, तुळस शेजारच्या काकूंच्या वृंदावनातली, त्याच आणून द्यायच्या.

तर तुम्ही मित्राला काय म्हणायचं? तुम्हाला अरबी म्हणायची गरज नाही, आणि मनात नसताना म्हटलेलं मलाही आवडणार नाही, तुम्ही जे पोकळपणाचं लिहिलंय ते मला पटलं. "काय भाई, सर्दी झाली का?" म्हणा. मी तुमच्या जागी त्या लॅबमधे असतो आणि माझ्या दोस्तानं एवढं विचारलं असतं तर मला बस होतं.

---

नागसेनवन

माझे वडील मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी. बाबासाहेबांनी १९५० मधे ते सुरू केलं, मराठवाड्यातली किती घरं त्या एका कॉलेजनं उभी केली ते इथं सांगायला नको. घरात वडिलांमुळं पाली ग्रंथांचं वाचन होतं, त्यातली एक गोष्ट नेमकी याच प्रश्नावरची आहे म्हणून पूर्ण लिहितो.

विनयपिटकातल्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातल्या, चुल्लवग्गात आहे. भगवान बुद्ध मोठ्या परिषदेसमोर धम्म सांगत होते, मधेच त्यांना शिंक आली. भिक्खूंनी लगेच "जीवतु भन्ते भगवा, जीवतु सुगतो" असा एवढा गलका केला की प्रवचनच तुटलं. तेव्हा बुद्धांनी त्यांना विचारलं, कुणी शिंकल्यावर "जगा" असं म्हटलं तर तेवढ्यानं तो जगतो किंवा मरतो का? भिक्खू म्हणाले, नाही भन्ते. मग त्यांनी नियम घातला की भिक्खूंनी शिंकेला असं म्हणू नये, म्हटलं तर दोष.

बरेच लोक गोष्ट इथंच थांबवतात आणि "बघा, बुद्धानं बंद केलं" म्हणतात. पण ग्रंथात गोष्ट पुढं आहे, आणि मला तर पुढचाच भाग मोठा वाटतो. नंतर असं व्हायला लागलं की भिक्खू शिंकले की गावातले लोक "जीवथ भन्ते" म्हणायचे आणि नियम मोडेल या भीतीनं भिक्खू गप्प राहायचे. लोकांना ते लागलं, बोलायला लागले की हे श्रमण असे कसे, आपण जगा म्हणतो तर उत्तरसुद्धा देत नाहीत. हे बुद्धांच्या कानावर गेलं. तेव्हा ते म्हणाले, गृहस्थ लोक मंगल मानणारे असतात, त्यांनी "जीवथ भन्ते" म्हटलं तर तुम्ही "चिरं जीव" म्हणा, याला मी परवानगी देतो.

शिंकेनं आणि शब्दानं आयुष्य वाढत नाही हे त्यांनी सोडलं नाही, आणि समोरच्याला दुखवायचं नाही हेही धरलं. वाळूजवाल्या भाऊंचा पेच अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भिक्खूंना पडला होता, शब्दशः तोच, गप्प बसलं तर लोक तुसडा समजतात.

जातककथांमधे गग्ग जातक आहे, त्यात एक यक्ष असतो, शिंकणाऱ्याला "जग" म्हणणारा आणि उलट "तूही जग" म्हणणारा सोडून बाकीच्यांना खायची त्याला मुभा असते. बाप शिंकतो, मुलगा गप्प बसतो, यक्ष खाली उतरायला लागतो तेव्हा मुलाच्या ध्यानात येतं आणि तो बापाला म्हणतो, शंभर वर्षं जग. अंबाजोगाईच्या ताईंची आज्जी जे म्हणायची ते इतकं जुनं आहे.

"ब्लेस यू"चं मूळ रोमच्या इ. स. ५९० च्या प्लेगमधे आणि पोप ग्रेगरीमधे आहे असं सांगतात. ते असो नसो, रोममधे शिंकेला शुभेच्छा द्यायची रीत त्याच्या कितीतरी आधीपासून होती, पहिल्या शतकात प्लिनी नावाच्या रोमन लेखकानं लिहून ठेवलंय की टायबेरियस बादशहा एरवी रुक्ष माणूस, पण गाडीत बसलेला असतानाही शिंकेवर ही रीत पाळायला लावायचा. म्हणजे हे एका कुठल्या धर्माचं नाहीच.

---

लातूर_मोंढा

नागसेनवन सर, मला ही गोष्ट माहीत नव्हती. "काहीच म्हणू नका" हे माझं पहिल्या अर्ध्या गोष्टीपुरतंच झालं म्हणायचं. तरी मोंढ्यात मी काही म्हणणार नाही, पण घरी माय शिंकली तर नुसतं बसून राहणं बरं नाही हे पटलं.

---

वाळूजवाला_जिंतूर

इतकं सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. लॅबमधल्या मित्राचं कळलं. मॅडमना "बरं आहे ना?" म्हणता येईल असं वाटतंय, इंग्रजीत तर जर्मन लोकांचं "गेझुंडहाइट" पण काही जण वापरतात म्हणे, आरोग्याचं असतं ते, पण आमच्या डिपार्टमेंटला मी ते म्हटलं तर आधी तेच समजावून सांगावं लागेल.

माझं अडतंय ते स्टोअरच्या काकांपाशी. ते "हरी विठ्ठल" म्हणून माझ्याकडं बघतात ना, तेव्हा मला वाटतं ते माझ्याकडून "विठ्ठल विठ्ठल" अपेक्षित धरायलेत. वयानं वडिलांसारखे आहेत, मी नवीन लागलो तेव्हा मेसची सोय होईपर्यंत मला डबा आणायचे. त्यांना मी कसा काय टाळू?

---

गंगाखेडचा_माळकरी

राम कृष्ण हरी. पोरा, मी पण काका माणूसच हाय, तर काकाच्या बाजूनं बोलतो.

आमी शिंकल्यावर नाव घेतो ते आमच्यासाठी असतं. वय झालं की शिंकेनं बरगड्या हलतात, डोळ्याला पानी येतं, त्या टायमाला तोंडात नाव येतं, लहानपनापासूनची जिभेची सवय हाय ती. कुनी पुढं म्हनावं म्हनून नाई. जनाबाईच्या गावचा मानूस मी, दळता कांडता नाव घ्यायची शिकवन हाय आमची, शिंकता पन घेतो. आता राहिलं बघायचं. म्हातारा मानूस शिंकला, डोळे पुसले, की पयलं समोर जे मानूस असतं त्याच्याकडंच बघतो. कुनीतरी हाय ना हितं, एवढंच असतं त्यात. तुज्याकडं काका बघतात कारन तू समोर बसतोस.

तू मान वर करून "काका, बरं हाय ना, पानी देऊ का" म्हन. आमच्या दिंडीत एक मास्तर चालायचे, ते देव मानत नव्हते, त्यांच्या मायचा नेम होता तो पुरा कराया यायचे. कुनी शिंकलं खोकलं की पयली बाटली त्यांची यायची. कुनी त्यांना नाव घ्या म्हनलं नाई आन त्यांनी कुनाला नाव सोडा म्हनलं नाई.

तू खोटं म्हनून नाव घिऊ नको. मला सोताला ते आवडनार नाई. डबा आननाऱ्या मानसाला तुजा देव कोन ते ठाऊक असतंय बाबा, त्यांना आदीच कळलेलं असंल.

---

जालना_विवेक

सगळ्यांचं छान आहे पण निघताना थांबायच्या प्रकारावर माझं वेगळं मत आहे आणि ते मी स्पष्ट लिहितो. थांबू नये. आत्याबाईंच्या जिवाला बरं वाटावं म्हणून दोन मिनिटं बसलं की घरातल्या लेकरांना दिसतं ते एवढंच, की शिंक आली आणि बाबा थांबले. लेकरू तुमच्या मनातलं कारण वाचत नाही, ते रीत शिकतं. दाभोलकरांनी १९८९ मधे महाराष्ट्र अंनिस सुरू केली, २०१३ ला त्यांचा खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला, पण कायदा नरबळी, अघोरी उपाय, भोंदूगिरी असल्या गोष्टींसाठी आहे, शिंकेसारख्या रोजच्या अपशकुनाला कायदा नसतो आणि असूही नये, तिथं घरातल्या माणसानंच वागून दाखवावं लागतं. मी निघताना कुणी शिंकलं तर "काळजी घे गं" म्हणतो आणि निघतो. हसत निघतो, रागानं नाही. आईला पहिल्यांदा धाकधूक झाली, संध्याकाळी मी धडधाकट घरी आलो, असं होत होत तिची भीती गेली.

---

अंबाजोगाईची_माहेरवाशीण

जालन्याचे भाऊ, लेकरांचा मुद्दा तुमचा खरा आहे, त्यावर मी विचार करायलेय. पण एक बघा, तुम्ही पुरुष माणूस, तुम्ही हसत निघून गेलात, मागं घरात कोण राहतं? तुम्ही निघालात आणि त्या दिवशी गाडी पंक्चर झाली, काम झालं नाही, तर संध्याकाळी "बघ, तेव्हाच शिंकली होती" हे कुणाला ऐकावं लागतं? तुमच्या घरी नसेल तसं, पण भरपूर घरी आहे. म्हणून थांबा नका थांबू, ते तुमचं तुम्ही ठरवा, पण संध्याकाळी घरी आल्यावर काम बिघडलेलं असेल तर "शिंकेचा काही संबंध नाही, साहेबच सुट्टीवर होते" हे सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगा. तेवढं सांगणारा माणूस घरात असला ना, की बाई मोकळेपणानं शिंकते.

---

जालना_विवेक

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या घरात ते ऐकावं लागतं का हे बायकोला विचारलं, ती म्हणाली आता नाही, आधी ऐकावं लागायचं. दोन्ही करायला पाहिजे, निघायचं पण आणि परत येऊन बोलायचं पण.

---

सिस्टर_नांदेड

आणि मुलींना सांगा की उन्हात शिंक येणं हा आजार नाही. डोक्यावर टोपी, स्कार्फ किंवा गॉगल घालून बाहेर पडलं तर बऱ्याच जणांना फरक पडतो.

---

वाळूजवाला_जिंतूर

आज काका शिंकले. "हरी विठ्ठल" झालं, माझ्याकडं बघितलं, मी म्हटलं "काका, बरं आहे ना, धूळ लई उडायलीय आज." ते म्हणाले "हो ना बाबा, तो एक्झॉस्ट बंद पडलाय, मेंटेनन्सला सांग की." मी सांगून आलो, उद्या दुरुस्त करायलेत. मॅडम आज सुट्टीवर होत्या.

एकच राहिलं. आमच्या ऑनलाइन मीटिंगा असतात, पुण्याच्या ऑफिसबरोबर, दहा-बारा जण असतात आणि कुणीतरी जोरात शिंकतं, तिथं काय करता तुम्ही लोक?

---

परभणीचा_इंजिनियर

बोलणारा मी असलो तर वाक्य थांबवतो, "पाणी घ्या, मी थांबलोय" म्हणतो. बोलणारा दुसरा असला तर माइक बंद ठेवतो, सगळे एकदम बोलले तर तेच होणार जे भिक्खूंच्या परिषदेत झालं. मीटिंग झाली की त्या माणसाला मेसेज टाकतो, तब्येत कशी आहे म्हणून.